हमीदाआपांच्या परत आलेल्या डब्या

बिरवाडीत भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा हमीदाआपांनी मला आधी खोली दाखवलीच नाही. त्यांनी दोन बोटांत माझी हनुवटी धरली, चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि निकाल जाहीर केला, "स्किन ताणलेली हाय. साबण कडक वापरतेस. खोली वरती हाय, पाणी सकाळचं येतं."

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या क्वालिटी लॅबमध्ये नुकतीच रुजू झालेली. कोणत्याही विधानाला पुरावा मागायची मला सवय. कशावरून म्हणता, असं मी विचारलं. आपांना प्रश्न आवडलेला दिसला. त्यांनी सांगितलं, की तोंड धुतल्यावर काही न लावता आरशासमोर हसून बघ; हसताना गाल खेचले तर साबण दोषी. मी हसून पाहिलं. गाल खेचले. इतकी सोपी, विनाखर्च आणि कुणालाही पुन्हा करून बघता येईल अशी चाचणी मला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतही क्वचितच भेटली होती. मी खोली घेतली.

माझी खोली वर; खाली, रस्त्याला लागून, आपांचं पार्लर. एक फिरती खुर्ची, दोन आरसे, पडद्यामागे थांबणाऱ्यांसाठी बाक. गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या मुली, कामगारांच्या बायका, महाडच्या मोहल्ल्यातल्या लेकीसुना आणि लग्नसराईत तुडीलपासून पोलादपूरपर्यंतच्या वधू. क्रम सगळ्यांचा एकच होता. खुर्चीत बसायचं, मान मागे टाकायची, डोळे मिटायचे. आपा म्हणत, "बाय डोळं मिटते ना, तवा ती आपल्या हातात घराची चावी देते." ट्रक चालवणारा नवरा फिरतीवर असतानाच वारला, मुलगा इमरान तेव्हा शाळेत होता. घर चाललं, इमरान शिकला, वरची खोली बांधली गेली, ते सगळं त्या मिटलेल्या डोळ्यांच्या भरवशावर. हे त्या कधी विसरत नसत आणि मलाही विसरू देत नसत.

मला त्यांनी नावाने फार क्वचित हाक मारली. माझं नाव प्रज्ञा; त्यांच्यासाठी मी 'केमिस्ट्री'. कारखान्यातून परतताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय पडला की खालून आवाज यायचा, "ए केमिस्ट्री, बॅग ठेव आणि खाली ये गो. नवीन बाटली आली हाय."

बाटलीवरचं लेबल वाचणं हा आपांचा छंद नव्हे, ध्यास होता. शिक्षण उर्दू माध्यमात सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं त्या नवऱ्याच्या ट्रकांच्या पाट्यांवरून शिकल्या होत्या. त्यामुळे एकेक अक्षर सुटं वाचून, जोडून, शेवटी संपूर्ण शब्द त्या मोठ्याने फेकत, जणू नाक्यावर गाडी ओळखली. सूचना त्यांना विशेष प्रिय. 'केवळ बाह्य वापरासाठी' हे वाक्य त्या कुठेही वापरत. शेजारीण सासूबद्दल जास्त बोलायला लागली की आपा सांगत, सासू केवळ बाह्य वापरासाठी असते, मनाला लावून घ्यायची नाही.

एकदा मी त्यांना सहज सांगितलं, की घटकांची यादी मनाला येईल तशी लिहीत नाहीत. जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी, मग उतरत्या क्रमाने. शेवटी-शेवटी अगदी अल्प प्रमाणातल्या गोष्टींचा क्रम थोडा मागेपुढे चालतो. आपा लगेच उठल्या, कपाटातली प्रत्येक बाटली टेबलावर उतरवली आणि सगळी दुपार आम्ही दोघी तेच करत बसलो. पहिलं नाव जवळजवळ सगळीकडे पाण्याचं निघालं, तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. सावित्री इथनं वाहते आणि मी पाणी विकत घेते, असं त्यांचं म्हणणं. पाण्याशिवाय लोशन होत नाही, पाणी आणि तेल एकत्र धरून ठेवणं हेच त्यातलं खरं कौशल्य, असं मी समजावलं. ते त्यांना पटलं. पण पुढची बाटली त्यांना पटली नाही. तिच्यावर पुढच्या बाजूला सोललेल्या बदामांची रास होती आणि बदामतेलाचं नाव सुगंधाच्याही नंतर, तळाशी.

आपांनी ती बाटली पिशवीत टाकली आणि थेट बाजारातल्या दुकानदारासमोर धरली. मी मागे होतेच. असा प्रयोग चुकवणं मला शक्य नव्हतं. "शेठ, बदाम पुढच्या दाराला उभा केलाय आणि आत बघते तर मागल्या पडवीत बसलाय. ह्याला काय बोलायचं?" शेठ म्हणाले, की आपा, मी फक्त विकतो. त्यावर आपांनी तिथे असलेल्या चार बायकांना यादी कशी वाचायची ते शिकवलं आणि बाटली न बदलता घरी आणली, पुरावा म्हणून. पुढचे काही दिवस बिरवाडीच्या बाजारात बायका बाटल्या उलट्या करून मागची बाजू वाचू लागल्या. शेठनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, तुम्ही कारखान्यात काम करता की आमच्या पोटावर.

दुसरा त्यांचा नियम कोपराचा. कोणतीही नवी वस्तू चेहऱ्यावर जायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावायची, झाकायची नाही, धुवायची नाही, दुसऱ्या दिवशी येऊन दाखवायची. केसांच्या रंगासाठी हीच चाचणी कानामागे. पाकिटावर तसं छापलेलं असतंच. पण छापलेलं वाचून तसं वागणारी व्यक्ती मी प्रथमच पाहत होते. एका नवरदेवाला घाई होती. दाढीला रंग लावा, चाचणीला वेळ नाही, असं त्याच्या बहिणीने ठणकावलं. आपांनी लावला तो फक्त कानामागे आणि त्याला घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचा डावा कान वडापावएवढा झाला होता. लग्नाचे सगळे फोटो उजवीकडून काढावे लागले. बहीण भांडायला आली, तेव्हा आपा शांतपणे म्हणाल्या, "कान फुगला. आता दाढीचा विचार कर." बहीण विचार करून खुर्चीत बसली आणि भुवया करून गेली.

इतकी दक्ष बाई. आणि तरीही एक क्रीम त्यांच्याकडे होतं, ज्याची यादी कुणी कधी वाचली नव्हती.

इमरान आखातात एका गोदामावर होता. महाडच्या मोहल्ल्यातले, तुडीलचे, आसपासच्या गावांतले कितीतरी तरुण तिकडे असतात आणि सुट्टीवर येणाऱ्याच्या बॅगेत प्रत्येकाच्या घरचं काही ना काही येतं. विमानात वजनाची मर्यादा. म्हणून एक रीत पडून गेली आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी साबण, अत्तर, क्रीम, सगळ्यांची खोकी काढून टाकायची. खोकं म्हणजे फुकटची जागा. बॅगेत यायच्या त्या नुसत्या बरण्या, एकमेकींत कपडे कोंबून घट्ट बसवलेल्या. इकडे आल्यावर त्या बरणीतलं क्रीम छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत वाटलं जायचं. एक नणंदेला, एक शेजारणीला, एक भाडेकरणीला. एकाच्या परदेशाचा थोडा थोडा वास सगळ्या गल्लीला मिळावा, असा त्या रीतीत एक उमदा न्याय होता. आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने तीच रीत माहिती गाळून टाकणारं एक निर्दोष यंत्र होती. घटकांची यादी आणि धोक्याच्या सूचना खोक्यावर आणि आतल्या कागदावर. आणि नेमकं तेच तिकडच्या कचऱ्याच्या डब्यात राहायचं.

'इमरानची क्रीम' पार्लरमध्ये विकली जायची. पांढरी, मऊ, वास जवळजवळ नाही. महिन्याभरात चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात, अशी तिची कीर्ती बिरवाडीतून महाड आणि पोलादपूर, दोन्ही तालुक्यांत पोचली होती. मी बरणी पाहायला मागितली, तर तिच्यावर एक मोती आणि एक नाव, बाकी कोरं. मी शंका काढली. आपांनी ती उडवून लावली. कोपराची चाचणी त्यांनी स्वतः घेतली होती. नुसती पास नव्हे, दुसऱ्या क्रीमने उठलेली लालीसुद्धा हिने बसवली होती. "आणि आई पोराच्या हातचं वाचत नाय बसत, केमिस्ट्री."

गेल्या हिवाळ्यात इमरानच्या खोलीतला एक सोबती वडिलांच्या आजारपणामुळे घाईने महाडला आला. बॅग अर्धी रिकामी. त्याने बरणी जशी दुकानातून घेतली तशीच आणली, खोक्यासकट. मी जिन्यावर पाय ठेवायच्या आतच हाक आली आणि त्या हाकेत सणासुदीचा आनंद होता. आपांनी खोकं टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. आतला कागद घड्या न मोडता माझ्यासाठी राखला होता. वाच, म्हणाल्या, आता बघू माझ्या पोराची क्रीम काय काय घालून बनलीय.

कागदाच्या एका बाजूला अरबी होती, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मी वाचायला लागले आणि चौथ्या ओळीवर थांबले. क्लोबेटासॉल. ते क्रीम नव्हतंच. ते औषध होतं, तीव्र स्टेरॉइड. खाली सूचना ठळक अक्षरांत. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये. चेहऱ्यावर लावू नये. दीर्घकाळ वापरू नये. जंतू किंवा बुरशीचा संसर्ग असलेल्या त्वचेवर लावू नये.

मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. हे औषध लाली दाबतं, रक्तवाहिन्या आकसवतं, रंग फिका पाडतं, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. महिनोन्‌महिने लावलं, तर कातडी कागदासारखी पातळ होत जाते. मग ते सोडलं, की चेहरा पेटतो, आणि पेटला, की बाई पुन्हा तेच लावते. कोपर का बोललं नाही, असं आपांनी विचारलं. प्रश्न अचूक होता. कोपर बोललं नाही, कारण त्वचेची तक्रार बंद करणं हेच या औषधाचं काम आहे.

आपांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत खाली आल्या. एका शब्दाशी बोट थांबलं. 'फेस' हा इंग्रजी शब्द त्यांना वाचता यायचा. तो त्यांच्या स्वतःच्या पार्लरच्या पाटीवर होता.

इमरानला त्यांनी तिथूनच फोन लावला. तो बिचारा हादरला. त्याने ते दुकानात सगळे घेतात म्हणून घेतलं होतं. मग सावरून त्याने व्यवहार सांगितला: अम्मी, कुणाला काही बोलू नको, यापुढे विकू नको, झालं. मला तो सल्ला अमानुष वाटला नाही, कारण तो मुलाचा सल्ला होता. आईचं दुकान बंद पडू नये एवढंच त्याला हवं होतं. आपांनी त्याचं संपूर्ण ऐकून घेतलं.

"आणि जिच्या तोंडावर हाय तिचं काय, रे?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. पुढच्याच क्षणी पार्लरचा पडदा ओढला आणि मला म्हणाल्या, उद्या रजा टाक.

आमच्या कारखान्यात सदोष माल परत बोलवायची एक पद्धत आहे. प्रत्येक पिंपावर क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची नोंद, कुठला माल कुठे गेला ते काही मिनिटांत सापडतं. आपांकडे असं काहीही नव्हतं. त्यांच्याकडे चेहरे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मिनीडोरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या सहाआसनी रिक्षेत, त्या पुढे बसल्या आणि डोळे मिटून बोलू लागल्या. कपाळावर कांजण्यांचा खड्डा, काळीज नावाच्या गल्लीत राहते. नाकाच्या दोन्ही बाजूंना वांग, नवरा वॉचमन. हनुवटीवर दोन केस, दर पंधरवड्याला काढायला येते, तिने भावजयीसाठीही नेली. नाव एकीचंही नाही. कातडी मात्र प्रत्येकीची तोंडपाठ. मी मागे बसून अक्षरशः थरारले होते. नोंदवहीशिवाय, केवळ त्वचेच्या स्मरणावर चाललेली ती माल परत बोलावण्याची मोहीम मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही पद्धतीइतकी काटेकोर होती.

मी एकच अट घातली होती. डबी नुसती हिसकावून चालणार नाही. बरेच महिने लावणाऱ्या बाईने एका दिवसात सोडलं, तर तिचा चेहरा भडकेल आणि ती आपल्यालाच दोष देईल. म्हणून दारात उभं राहून आपांनी दोन गोष्टी सांगायच्या: चूक माझी आहे, आणि महाडच्या त्वचेच्या डॉक्टरकडे चल. पहिली सांगताना त्यांचा आवाज जराही खाली यायचा नाही. पडवीत सासू बसलेली असो की नवरा, त्या सरळ म्हणायच्या की मी वाचल्याशिवाय विकलं.

सगळ्यांनी सहज दिली असं नाही. एकीने आरशात बघत विचारलं, आता कुठे उजळ झाले तर परत देऊ? वॉचमनच्या बायकोने कमरेवर हात ठेवले. "काय आपा, जुनी उचलून नव्या डबीचा भाव चढवताय काय?" आजूबाजूच्या हसल्या. आपाही हसल्या. मग तिला उन्हात घेऊन गेल्या आणि तिच्या गालावरच्या बारीक लाल रेषा तिच्याच मोबाइलमध्ये फोटो काढून मोठ्या करून दाखवल्या. कातडी पातळ झाली की आतल्या शिरा दिसायला लागतात. बाई आत गेली आणि दोन डब्या घेऊन आली. दुसरी कुणाची ते सांगितलं नाही.

एक डबी कापडे गावाला गेली होती आणि ती चक्क माझ्या मावशीकडे निघाली. कुणा कामगाराच्या बायकोने तिला दिलेली. मावशीने ती तोंडाला कधीच लावली नव्हती. तोंडाला क्रीम लावायला मी काय नाटकात काम करते, असं तिचं म्हणणं. भाताच्या लावणीत चिखलात उभं राहून मांडीवर नायटा उठला होता, त्याला ती लावत होती. खाज दोन दिवसांत गेली म्हणून गावभर क्रीमचं कौतुक. आणि नायटा? मावशीने पातळ जरा बाजूला केलं. ताटलीएवढा नायटा आता परातीएवढा झाला होता, कडा पुसट, कुणालाही पटकन ओळखू न येणाऱ्या. बुरशीला मारणं त्या औषधाचं काम नव्हतं. त्याने फक्त शरीराचा पहारा झोपवला होता आणि बुरशी निवांत पसरली होती. मी हे उत्साहाने समजावू लागले, तर मावशी म्हणाली, "तुझं शास्त्र मंग सांग गो पोरी. हिला आधी चा ठेव. घरोघरी चूक सांगत फिरते, घसा सुकला असंल." आपांनी चहा घेतला आणि निघताना मावशीलाही मिनीडोरमध्ये घातलं.

महाडच्या डॉक्टरीणबाईंनी बाकांवरची गर्दी बघून विचारलं, तुम्ही पेशंट आणता की वऱ्हाड? पण प्रत्येकीला त्यांनी नीट तपासलं. कुणाचं औषध बदललं, कुणाचं हळूहळू उतरवत न्यायचं ठरवलं, मावशीला बुरशीची गोळी दिली.

उरली ती तुडीलची सना. सर्वांत जास्त महिने, सर्वांत जास्त क्रीम तिनेच वापरलं होतं, कारण तिचं लग्न ठरलं होतं. तिची आई जुबेदा आणि आपा एका बाकावर बसून शिकलेल्या. डब्या आपांनी दर महिन्याला स्वतः नेऊन दिल्या होत्या, भेट म्हणून, मैत्रिणीच्या लेकीसाठी.

जुबेदाचाचींनी आम्हाला सरबत दिलं, सगळं ऐकलं आणि सनाला बाहेर बोलावलं. बातमी आमच्या आधीच पोचली असावी; आईच्या धाकाने की कशाने, मुलीने दोन दिवस क्रीम लावलं नव्हतं. गाल विस्तवासारखे लाल, पापण्या सुजलेल्या, ओठांभोवती बारीक पुरळ. ती बोलताना जपून ओठ हलवत होती. लग्न पाच आठवड्यांवर आलेलं.

आपांचा हात सवयीने पुढे गेला.

"हात लावू नको," जुबेदाचाची म्हणाल्या. "हमीदा, परकी असती तर मी भांडले असते. तू तर माझ्याच घरात येऊन माझ्या पोरीच्या तोंडाला लावलंस. आता ह्या तोंडाला तुझा हात नाय लागायचा."

आपांनी हात मागे घेतला. डॉक्टरांचा पत्ता सांगितला, सना, एकदम सोडू नको, लागलीच जा, एवढं म्हणाल्या आणि चपला घातल्या. परतीच्या वाटेवर मिनीडोरमध्ये त्यांनी कुठलाही चेहरा आठवला नाही.

सना डॉक्टरांकडे गेली. चुलतबहिणीबरोबर, नेमाने. त्या-त्या दिवशी आपा दवाखान्यासमोरच्या रसवंतीत बसून राहायच्या. आत जायच्या नाहीत. जुबेदाचा शब्द मोडायचा नाही म्हणून. सना बाहेर आली, की दुरूनच तिच्या चेहऱ्याकडे बघायच्या आणि घरी येऊन मला निरीक्षण सांगायच्या. आज पापणीची सूज उतरलीय. आज डावा गाल उजव्यापेक्षा शांत. डॉक्टरांनी तीव्र औषध सोडवून सौम्य औषधावर आणलं होतं, बरोबर एक साधं बिनवासाचं मलम, आणि कडक ताकीद: चेहऱ्याला याखेरीज काहीही लागता कामा नये. लग्नातसुद्धा नाही.

बिरवाडीतलं पार्लर त्या महिन्यात जवळजवळ रिकामं होतं. भुवया करायला मुली यायच्या, पण उघड्या डोळ्यांनी, आरशातून आपांच्या बोटांवर नजर ठेवून. मान मागे टाकून कुणी बसत नव्हतं. बाजारात कुणी म्हणालं, एवढी प्रामाणिक होती तर आधीच वाचायचं. मी चिडले, आपा नाही. बरोबर बोलते ती, म्हणाल्या. रिकाम्या वेळात त्या माझ्याकडून क्रीम टिकवणाऱ्या संरक्षक द्रव्यांची नावं शिकत होत्या: कुठलं कशासाठी घालतात, कुठल्याने कुणाला खाज येते, 'सुगंध' या एका शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी लपतात. इतक्या विलक्षण कुतूहलाने, की एखाद्या संध्याकाळी आपलं दुकान बुडतंय हे त्या विसरल्यासारख्या वाटायच्या. मग रस्त्यावरून बायकांचा घोळका गेला, की त्यांची मान वळायची आणि घोळका पुढे गेला, की सरळ व्हायची.

लग्नाच्या आदल्या दुपारी सनाचा फोन आला. हळदीला या, असं तिने आपांना सांगितलं. अम्मीला विचारलंस का, असं आपांनी विचारलं. सना तो प्रश्न ओलांडून म्हणाली, "आपा, सगळ्या जणी तोंडाला लावणार. मी नाय बोलले तर कोण ऐकणार? तुमी माज्या बाजूला बसा."

तुडीलच्या हळदीत नवरीला हळद लावायचा हक्क प्रत्येक नातेवाईक बाईचा असतो, आणि हळद म्हणजे नुसती हळद नव्हे. त्यात तेल, अत्तर, कुणाकुणाच्या घरचं उटणं. नाकारणं म्हणजे अपमान. मी आपांबरोबर गेले. मांडवात सना पिवळ्या ओढणीत बसली होती. चेहरा डागाळलेला, दोन गाल दोन रंगांचे, पण सूज नव्हती आणि ती ओठ न जपता बोलत होती. जुबेदाचाचींनी आम्हाला पाहिलं आणि नजर वळवली. आपा गर्दीतून वाट काढत गेल्या आणि नवरीच्या शेजारी पाटावर बसल्या. सनाच्या चेहऱ्याला त्यांनी स्पर्श केला नाही. फक्त आपला तळवा तिच्या गालासमोर आडवा धरला.

पहिल्या मामी आल्या. आपांनी त्यांची बोटं सनाच्या मनगटाकडे वळवली. दुसरी नवऱ्याकडची आत्या. ती म्हणाली, हे काय नवीन? आपांनी डॉक्टरांचं नाव घेतलं, मग तिच्या मेहंदीचं कौतुक केलं आणि तिची हळद सनाच्या पावलावर उतरवली. कुणाला विनवून, कुणाला दटावून, कुणाला हसवून. एका काकूला त्या म्हणाल्या, की तोंडावर लावलीस तर फोटोत दिसणार नाही, हातावर लाव, अंगठीसकट येईल. घाई त्यांच्या हालचालीत नव्हती, पण एकही बोट सुटलं नाही.

मग जुबेदाचाची आल्या. आईची हळद. गाणं थांबलं. त्यांची चारही बोटं काठोकाठ भरलेली, आणि आपांचा तळवा तिथेच, आडवा.

"आईला पण अडवतेस?"

"अडवते," आपा म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच कापला. "तूपण हातावर लाव, जुबेदा."

जुबेदाचाची तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, दोन रंगांच्या गालांकडे, मग त्या आडव्या तळव्याकडे. हळद बोटांवरून ओघळायला लागली होती. त्या वाकल्या आणि ती सगळीच्या सगळी त्यांनी हमीदाआपांच्या दोन्ही गालांना फासली. कानापासून हनुवटीपर्यंत, दोन्ही हातांनी, जोर लावून, शाळेतल्या मुली एकमेकींना रंग फासतात तशी. मांडवात आधी कुणी हसलं नाही. मग सना हसली.

कारखान्याची नोकरी सोडून दोन दिवसांनी मला पुण्याच्या एका संशोधन प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. त्या संध्याकाळी मला लवकर निघावं लागलं. मिनीडोर वळायच्या आधी मी मागे पाहिलं. मांडवात पुन्हा गाणं सुरू झालं होतं. गाल पिवळेजर्द, डोळ्यांतून पाणी, ते पुसायला हात मोकळा नाही, आणि हमीदाआपा पुढच्या बाईला सांगत होत्या, "हातावर गो, हातावर."